नागपुरातलं हार्ट चेकअप पॅकेज: कोणती तपासणी नेमकं काय सांगते

धंतोली, रामदासपेठ, वर्धा रोड, कुठूनही जा, हार्ट चेकअप पॅकेजचा फलक दिसतोच. नावं निराळी, आतला ऐवज बहुतेक सारखा: रक्ताच्या तपासण्या, ईसीजी (हृदयातल्या विजेची नोंद), टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), टीएमटी (ट्रेडमिलच्या चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) आणि शेवटी डॉक्टरांची भेट. हे परीक्षण कुठल्या एका दवाखान्याचं नाही, या पॅकेजचं आहे. मत आधीच सांगतो. काहीही त्रास नसलेल्या चाळिशीपुढच्या माणसासाठी ५ पैकी ३ तारे. ज्याच्या छातीत आत्ता दुखतंय त्याच्यासाठी एकही नाही.

या दुसऱ्या माणसाचं आधी बोलू, कारण त्याच्याकडे वेळ नसतो. "छातीत जड जड वाटून राहिलं, गॅस झाला असंल, रविवारी पॅकेज करून घेऊ" असं म्हणत काढलेला दिवस फार महाग पडतो. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि तिच्या पुढचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो. छातीच्या मधोमध दाब किंवा आवळल्यासारखं होणं, कळ हातात, जबड्यात नाहीतर पाठीत जाणं, थंड घाम, मळमळ, दम या त्याच्या खुणा. मधुमेही, बायका आणि म्हातारी माणसं यांना कधी कधी दुखतच नाही. नुसती धाप लागते, गळाठा येतो किंवा पोटाच्या वरच्या भागात जळजळतं. बसल्या जागी असा त्रास दहा मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करायचा, गाडी स्वतः चालवायची नाही. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा कुठे रक्तस्राव नसेल तर ३०० मिलीग्रॅमची साधी गोळी चावून खायची. चावल्यानं ती लवकर लागू पडते. जिभेखाली ठेवायची, रक्तवाहिन्या सैल करणारी सॉर्बिट्रेट गोळी मात्र शेजाऱ्यानं दिली म्हणून घेऊ नका. बीपी आधीच उतरलेलं असेल किंवा गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलेलं असेल तर त्या गोळीनं बीपी धोकादायक खाली जातं.

दवाखान्यात पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. तो नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं नाही. दुखणं चालू असेल तर १५-३० मिनिटांनी पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) काही तासांच्या अंतरानं दोनदा पाहतात, कारण ते रक्तात चढायला वेळ लागतो. नळी पूर्ण बंद झाल्याचं ईसीजीत दिसलं तर सोय असलेल्या रुग्णालयात ९० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी (बारीक फुग्यानं नळी उघडणं) हे लक्ष्य असतं. पण गडचिरोलीहून नागपूर गाठायचं तर तेवढा वेळ रस्त्यातच जातो. अशा वेळी जवळच्या रुग्णालयातच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घ्यावं. टेनेक्टेप्लेस वजनाप्रमाणे एकदाच देतात, स्ट्रेप्टोकायनेज असेल तर १५ लाख युनिट साधारण तासाभरात. मग नागपूरला निघावं आणि ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी (औषध सोडून हृदयाच्या नळ्यांचं एक्स-रे चित्र) करावी. इंजेक्शनचा फायदा पहिल्या काही तासांतच जास्त असतो, १२ तासांनंतर फारसा उरत नाही. "काहीही करू नका, थेट नागपूरलाच नेतो" हा नातेवाइकांचा आग्रह प्रेमापोटी असतो, पण त्यानं स्नायू वाचत नाही.

आता पॅकेज. यातली सगळ्यात मोलाची तपासणी सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात घाईत उरकली जाते: बीपी. जिना चढून आलेल्या माणसाला उभ्या उभ्या पट्टा बांधून आकडा लिहून घेतला, तर तो आकडा कामाचा नाही. नीट मोजायचं तर आधी ५ मिनिटं शांत बसणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत, लघवी करून आलेले, अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नाही. हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवलेला, पट्टा उघड्या दंडावर. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी भरायला हवी. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की बीपी खोटंच जास्त येतं, हात लोंबता ठेवला तरी जास्त येतं, मोजताना बोललं तरीही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा, आणि पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं मोजून मागा. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ या रेषेवर वारंवार आकडा येत असेल तर ते उच्च रक्तदाबच समजावं.

दुसरी उणीव फॉर्ममध्ये असते. "धूम्रपान करता का?" असा रकाना असतो. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून दिवसाला चार-पाच खर्रे खाणारा माणूस तिथे प्रामाणिकपणे "नाही" लिहितो. निकोटिन खर्र्यातूनही रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं, आणि धूर नसलेल्या तंबाखूनंही हृदयविकाराचा धोका वाढतो. फॉर्म काहीही विचारो, डॉक्टरांना खर्रा सांगा. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत अटॅक आला असेल तर तेही सांगा. या दोन उत्तरांनी पुढचा सगळा हिशेब बदलतो.

रक्ताच्या तपासण्यांत लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीचा हिशेब, हवंच. त्यासाठी रात्रभर उपाशी राहणं बहुतेकांना गरजेचं नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तरच उपाशीपोटी पुन्हा करावं, कारण तिथे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) काढण्याचं नेहमीचं गणित चुकतं. रिपोर्टवर "नॉर्मल" म्हणून छापलेली एलडीएलची मर्यादा सगळ्यांना सारखी लागू नसते. अटॅक येऊन गेलेल्या किंवा स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) बसलेल्या माणसाचं एलडीएल ७० च्या खाली, आणि आताच्या कडक निकषांप्रमाणे ५५ च्या खाली हवं. लिपोप्रोटीन-ए (हृदयविकाराचा धोका वाढवणारा चरबीचाच एक कण) आयुष्यात एकदा केलं तरी पुरतं, ते बरंचसं आनुवंशिक असतं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) बाबत विदर्भात एक खास काळजी: सिकलसेलचा आजार असेल तर लाल पेशी लवकर मरतात आणि साखर जास्त असूनही आकडा कमी दिसतो. नुसता वाहक असला तरी काही मशीनवर फरक पडतो. घरात सिकलसेल असेल तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर यांवर जास्त भरवसा ठेवा.

ईसीजी म्हणजे दहा तारा, बारा लीड (वेगवेगळ्या कोनांतल्या नोंदी) आणि साधारण दहा सेकंदांची नोंद. तो त्या दहा सेकंदांचाच साक्षीदार असतो. अधूनमधून धडधड होते, नाडी मधेच बेताल होते अशी तक्रार असेल तर २४ तासांचा होल्टर (अंगावर बाळगायचं ईसीजी यंत्र) लागतो. येऊन-जाऊन असणारं एट्रिअल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) अशा वेळीच सापडतं, आणि ते सापडणं महत्त्वाचं, कारण त्यात हृदयात गुठळी होऊन लकवा मारू शकतो. धोका पाहून रक्त पातळ करणारी गोळी सुरू करतात. नाडी फार मंद आणि चक्कर, शुद्ध हरपणं असेल तर हार्ट ब्लॉक (नळीतला नव्हे, हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा) शोधायला हवा, त्यावर इलाज पेसमेकर. ईसीजी काढण्यातल्या चुका ठरलेल्या आहेत. छातीवरचे पहिले दोन चोषक चौथ्या बरगडीच्या खालच्या फटीत हवेत. घाईत ते वर लागतात आणि मग कधी जुना अटॅक असल्याचा खोटा शेरा येतो. हातांच्या तारा उलट लागल्या तर पहिली लीड उपडी दिसते. असा शेरा आला आणि त्रास काहीच नसेल, तर घाबरण्याआधी नीट तारा लावून पुन्हा काढून घ्या.

टूडी इकोबद्दलचा मोठा गैरसमज इथेच मोडून काढू: इकोत ब्लॉकेज दिसत नाहीत. इकोत दिसतं हृदयाचं पंपिंग, झडपा, भिंतींची जाडी आणि एखादा भाग कमी हलतोय का ते. नळी ८० टक्के अरुंद असलेल्या माणसाचाही बसल्या जागचा इको स्वच्छ येऊ शकतो. पंपिंगचा आकडा (रिपोर्टवरचा ईएफ) साधारण ५५ ते ७० टक्के ठीक. हा आकडा काढणाऱ्याप्रमाणे पाच-दहा अंकांनी बदलतो, म्हणून ६२ वरून ५७ झाला याला बिघाड म्हणत नाहीत. ४० किंवा कमी आला तर ते हार्ट फेल्युअरचं (हृदयाचा पंप कमजोर पडण्याचं) औषधपाणी सुरू करण्याचं कारण. चालताना दम, रात्री उशा वाढवाव्या लागणं, पायांवर सूज ही त्याची लक्षणं, आणि चार गटांतली औषधं मिळून आज आयुष्य वाढवतात. अशा रुग्णानं रोज सकाळी लघवीनंतर वजन करावं. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर शरीरात पाणी साचतंय. उलट मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास गेला की लघवीची गोळी तेवढीच चालू राहून बीपी उतरतं, उभं राहताना चक्कर येते. डोस मनानं बंद करायचा नाही, डॉक्टरांकडून कमी-जास्त करून घ्यायचा. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि आता दम लागतो, अशा माणसासाठी इको सगळ्यात मोलाचा, कारण संधिवाताच्या तापानं अरुंद झालेली मायट्रल झडप तिथेच दिसते. त्यावर बलून किंवा शस्त्रक्रिया, आणि पुन्हा ताप येऊ नये म्हणून दर ३-४ आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन.

टीएमटीला आमचे गुण सगळ्यात कमी, म्हणजे धडधाकट माणसाच्या पॅकेजमध्ये. ब्रूस पद्धतीत दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो, सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढानं. २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के नाडी गाठायची. चालताना छाती भरून येते आणि थांबल्यावर मोकळी होते, अशा अँजायनाच्या तक्रारीत ही तपासणी कामाची. तक्रार नसलेल्या माणसात, विशेषतः बायकांमध्ये, खोटी पॉझिटिव्ह बरीच येते. ब्लॉकेज असूनही बऱ्याच जणांची निगेटिव्ह येते, मग ते निर्धास्त होऊन खर्रा चालू ठेवतात. गेल्या एक-दोन दिवसांत बसल्या जागी छातीत दुखलं असेल किंवा महाधमनीची झडप खूप अरुंद असेल तर टीएमटी धोक्याची आहे. खोलीत शॉक देण्याचं मशीन आणि डॉक्टर हजर असल्याशिवाय पट्ट्यावर चढू नका. नाडी कमी करणारी गोळी, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल, त्या सकाळी घ्यायची की नाही हे आधी विचारा. घेतली तर नाडी लक्ष्यापर्यंत जातच नाही आणि पैसे वाया जातात. धोका मध्यम आहे पण स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सुरू करावी की नाही असा पेच असेल, तर टीएमटीपेक्षा सीटीवरचा कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या नळ्यांत साचलेल्या कॅल्शियमचा आकडा) जास्त उपयोगी. शून्य आला तर पुढच्या काही वर्षांचा धोका कमी, १०० च्या वर आला तर स्टॅटिनकडे कल. तरुण माणसात मात्र मऊ चरबीचे थर यात दिसत नाहीत.

शेवटची दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. त्रास नाही, टीएमटी जराशी पॉझिटिव्ह, आणि लगेच अँजिओग्राफीची तारीख मिळाली, तर थांबून दुसरं मत घ्या. स्थिर अँजायनात औषधांनी बरंच काम होतं. स्टेंटनं दुखणं कमी होतं, पण मुख्य डाव्या नळीचा ब्लॉक किंवा कमजोर पंपिंग अशी कारणं सोडली तर त्यानं आयुष्य वाढतंच असं नाही. तीन नळ्या खराब आणि मधुमेह असेल तर बहुतेकदा बायपास सरस. स्टेंट बसलाच तर अ‍ॅस्पिरिनबरोबरची दुसरी गोळी ठरलेले महिने सोडायची नाही, दात काढायलासुद्धा डॉक्टरांना न विचारता नाही; मधेच सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. स्टेंटच्या किमतींवर केंद्रानं फेब्रुवारी २०१७ पासून कमाल मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे बिलात स्टेंटची ओळ वेगळी मागा. अँजिओप्लास्टी, बायपास आणि झडपेची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयांत होते. मेडिकलचं (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं) सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि मिहानमधलं एम्स हे सरकारी पर्याय आहेतच.

जाताना चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुना ईसीजी सोबत न्या. नवा कागद जुन्याशेजारी ठेवला की अर्धे संशय तिथेच मिटतात. सगळं ठीक आलं तर बीपी वर्षातून एकदा, लिपिड आणि साखर धोक्याप्रमाणे एक ते तीन वर्षांनी. इको आणि टीएमटी कारण निघेपर्यंत पुन्हा नाही.