पहिल्या दिवशी एकही छर्रा नाही

लेकीला एअर पिस्तूल नेमबाजीच्या वर्गाला सोडायला गेली आणि स्वतःचंच नाव टाकून आली. वय ४६, डोळ्याला चष्मा. नागपुरात, मे महिन्यात.

पहिला दिवस अख्खा सुरक्षेतच गेला. पिस्तूल रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं, नळी कायम टार्गेटकडे, आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. मी काहीतरी विचारायला पिस्तुलासकट वळली, तर सर एवढ्या जोरात "काकू, नळी!" ओरडले की शेजारचा पोरगाच दचकला. राग आला तेव्हा, पण बरोबरच होतं त्यांचं. खाली ठेवलेल्या प्रत्येक पिस्तुलाच्या नळीतून आरपार केशरी दोरी असते, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनच दिसतं.

अंतर १० मीटर, छर्रा ४.५ मिमीचा, टार्गेटवरचा मधला दहा गुणांचा गोल जेमतेम ११.५ मिमी. एका हातानं किलोभर वजन धरायचं, दुसरा खिशात. विसाव्या छर्ऱ्याला खांदा बोलतो, बाप्पा! ट्रिगर ओढायचा नाही, श्वास अर्धा सोडून हळूच दाबायचा. हे मला अकराव्या दिवशी जमलं.

छर्रे शिशाचे, म्हणून जेवणाचा डबा उघडायच्या आधी साबणानं हात धुवायला लावतात. ते आवडलं.

तक्रारी दोन. कूलर आवाजच जास्त करतो, अन् डावखुऱ्यांसाठी वेगळी मूठ नाही. लेक डावखुरी आहे, तिनं महिनाभर उजव्या मुठीवरच भागवलं. फी भरताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

जूनची फी भरली आहे, दोघींची.