एक्झिमाला खोबरेल बरं की पेट्रोलियम जेली?

आमच्या गोव्यात, फोंडा-डिचोलीकडे कातडी सुकली की पहिला हात खोबरेलाच्या बाटलीकडेच जातो, आणि त्यात चुकीचं काही नाही, शुद्ध तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक अ‍ॅसिड असतं, ते एक्झिमाच्या, म्हणजे कोरड्या, खाजणाऱ्या कातडीच्या जागी वाढणाऱ्या स्टॅफ नावाच्या जंतूंना आवरतं. फक्त केसांचं सुगंधी तेल नको हां, त्यातल्या वासानेच खाज सुटते कित्येकांना.

पण ओलावा धरून ठेवण्यात जेलीच भारी, आणि वास-बीस नसल्यामुळे चिरलेल्या टाचांवर, बोटांच्या पेरांवर झोंबतपण नाही सहसा. अडचण आपल्या हवेची, मे महिन्यात कोपराच्या खळीत जेली लावली की खाली घाम अडकतो, चिकचिक होते आणि पोरं अजूनच खाजवतात. म्हणून माझं मत, उकाड्यात तेलाचा पातळ हात, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री जेली.

काहीही लावा, कोमट पाण्याने आंघोळ करून अंग नुसतं टिपायचं आणि ओलसर असतानाच ३-४ मिनिटांत लावायचं. जागेतून पाणी येत असेल किंवा पिवळी खपली धरली असेल तर मात्र दोन्ही बाजूला ठेवून सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा.