‘आय सेव्हन आहे ताई, डोळे झाकून घ्या’

मी तो लॅपटॉप डोळे झाकूनच घेतला. चूक तिथेच झाली.

मला फोटो एडिटिंगसाठी दणकट लॅपटॉप हवा होता. विक्रेत्याने एक मशीन पुढे केलं: आय सेव्हन (इंटेलचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर), १६ जीबी रॅम, एसएसडी (वेगवान डिस्क), फुल एचडी स्क्रीन. खोक्याचं सील फुटलेलं होतं. “डिस्प्लेला ठेवायला उघडलं होतं, मशीन कोरंच आहे.” मग त्याने एक जेपेग, म्हणजे दाबून लहान केलेला फोटो, उघडून स्लायडर पुढे-मागे केला. सगळं लोण्यासारखं सरकलं. जेपेगवर सरकणारच! माझ्या रॉ फाइल (कॅमेऱ्यातून जशाच्या तशा आलेल्या, जड) पेन ड्राइव्हवर घेऊन जायचं मला सुचलं नाही, याचा आजही राग येतो.

घरी २४ मेगापिक्सेलच्या रॉ फाइल एक्स्पोर्टला लावल्या आणि रॉकेटची बैलगाडी झाली. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसरचे कोअर, म्हणजे काम करणारे भाग, दोनच. प्रोसेसरचं पूर्ण नाव आय सेव्हन-७५००यू. हे नाव मी खरेदीच्या वेळीही स्क्रीनवर वाचलं होतं, पण नजर ‘आय सेव्हन’वरच थांबली. मागचे आकडे पिढी सांगतात: ७५०० म्हणजे सातवी पिढी, २०१६ सालची. शेवटचं ‘यू’ म्हणजे वीज वाचवणारी, १५ वॅटची चिप. त्याच पिढीतल्या ७७००एचक्यूला चार कोअर आणि ४५ वॅट. नाव दोन्हींचं आय सेव्हनच, त्यामुळे विक्रेता तांत्रिकदृष्ट्या खोटं बोलला नव्हता.

वेग मी सोसलाही असता. खरा घाव रंगांनी घातला.

एका कुटुंबाचे पोर्ट्रेट एडिट करताना लाल रंग मरगळलेला वाटत होता, म्हणून मी सॅच्युरेशन वाढवत गेले. चेहरे फिके दिसले, तिथे ऊब वाढवली. स्क्रीनवर सुंदर दिसत होतं. प्रिंट आल्या तेव्हा सगळ्यांचे चेहरे उन्हात तासभर उभं केल्यासारखे लालबुंद, आणि मुलीच्या लाल झग्यावरच्या चुण्या एका सपाट डागात गडप. दोष लॅबचा धरून मी तिथे भांडूनही आले (नंतर माफी मागितली). मग एचडब्ल्यूइन्फो नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये स्क्रीनच्या पॅनेलचा नंबर मिळाला. तो शोधला तर ४५ टक्के एनटीएससीचं (एनटीएससी म्हणजे रंगांचा आवाका मोजायचं एक माप) स्वस्त, टीएन प्रकारचं पॅनेल निघालं. साधारण ७२ टक्के एनटीएससी म्हणजे पूर्ण एसआरजीबी, म्हणजे फोटोंसाठी सर्रास वापरला जाणारा रंगांचा प्रमाण संच. म्हणजे माझ्या स्क्रीनला तेवढे रंग दाखवताच येत नव्हते. जे तिला दाखवता येत नव्हतं, ते मी फोटोत ओतत बसले होते. कॅलिब्रेशन करूनही, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जुळवूनही, हे भरून निघत नाही, कारण पॅनेलमध्ये नसलेला रंग कुठून आणणार?

कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकला, तर वॉरंटी केव्हाच संपलेली. सर्व्हिस सेंटरमध्ये कळलं की हे मॉडेल मुळात आयपीएस पॅनेलचं, म्हणजे टीएनपेक्षा चांगले रंग दाखवणाऱ्या स्क्रीनचं होतं. स्क्रीन मधे कुणीतरी बदललेली. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला. ‘डिझाइन कपॅसिटी’च्या (मूळ क्षमतेच्या) जवळजवळ दोन तृतीयांशच ‘फुल चार्ज कपॅसिटी’ (आताची क्षमता) उरली होती. कोऱ्या मशीनची बॅटरी इतकी झिजत नाही. एसएसडी मात्र खरंच नवीन होती, त्यामुळे तिचे चालू तास बघून काहीच उलगडलं नसतं. म्हणून नुसत्या डिस्कवर विसंबू नका, बॅटरी बघा.

हे सगळं तपासायला पैसे देण्याआधी दहा मिनिटं लागली असती. स्क्रीनचं तर त्याहून सोपं: गडद फोटो उघडून खालून वर बघायचं. टीएन असेल तर रंग लगेच उलटेपालटे होतात. आणि विक्रेता एसआरजीबीचा आकडा सांगायला टाळाटाळ करत असेल, तर तो आकडा बहुधा सांगण्यासारखा नसतो.

मी परत गेले तेव्हा त्याने शांतपणे बिल मागितलं. त्यावर होतं: ‘लॅपटॉप, आय सेव्हन, १६ जीबी.’ मॉडेल नाही, सीरियल नंबर नाही, ‘नवीन’ हा शब्दही नाही. “बघा ना ताई, लिहिलंय तेच दिलंय.”

त्या कुटुंबाच्या प्रिंट मी पदरच्या पैशाने पुन्हा काढून दिल्या. आता लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला आहे आणि लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन कायम बंद असते.