फिशिंगचं लाइफ जॅकेट, दिवाळी ते पावसाळा वापरून: पायातला पट्टा नसेल तर घेऊच नका

जॅकेटच्या कंबरेचं बकल तुटलं, कंपनीशी आठवडाभर डोकेफोड केली, हाती काही लागलं नाही, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. जॅकेट फोमचं, फिशिंगवालं, पुढे खिसे, पाठीला खाली जाळी, ७० न्यूटन उचलीचं. दिवाळीच्या आधी चोवीसशेला घेतलं. बाकी स्पेसिफिकेशन सांगत बसत नाही. मी साताऱ्याचा, गळ टाकतो कण्हेर नाहीतर धोम धरणाच्या बॅकवॉटरला, मच्छीमार सोसायटीची परवानगी काढून, भाड्याच्या फायबरच्या होडीतून. कोयनेकडे जात नाही, तिकडचा बराच जलाशय अभयारण्यात येतो.

बकलचा एक दाता मोडला. कस्टमर केअरला फोन केला तर आधी बिल पाठवा, मग फोटो पाठवा, मग व्हिडिओ पाठवा, आणि सगळं दिल्यावर उत्तर काय, तर वापरातून झालेली झीज वॉरंटीत बसत नाही, नवीन जॅकेटवर दहा टक्क्यांचं कूपन देतो. अहो, पंधरा-वीस रुपयांचं बकल सुटं पाठवा, पैसे मी देतो म्हणालो. तर सुटे पार्ट ठेवतच नाही म्हणे. जीव वाचवायच्या वस्तूचं बकल सुटं मिळत नाही ही गोष्ट मला अजिबात पटलेली नाही. शेवटी पोराच्या जुन्या ट्रेकिंग सॅकचं बकल काढलं, मापाला बसलं. एक नीट लक्षात घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांची अर्धी अर्धी बकलं एकमेकांत बसल्यासारखी वाटतात आणि ताण आला की सुटतात. म्हणून पट्टा दाराच्या कडीला बांधून सगळं अंग टाकून ओढून बघितला, दहा-बारा झटके दिले, तेव्हा कुठे वापरायला काढलं.

पण बकल हा खरा मुद्दाच नाही. मुद्दा आहे पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचा, जो या जॅकेटला आलाच नव्हता, आणि आपल्याकडे हजार-दोन हजारात मिळणाऱ्या बहुतेक जॅकेटला नसतोच. पाण्यात पडल्यावर फोम वर जायला बघतो, अंग खाली जातं, आणि मधे धरून ठेवायला काही नाही. पोट पुढे असेल तर कंबरेचा पट्टा कितीही आवळा, तो बरगड्यांवर सरकतोच.

मामांच्या मळ्यातल्या विहिरीत हे दोन्ही प्रकारे करून बघितलं, काठावर भाचा दोर धरून उभा. पट्ट्याशिवाय उडी मारली तर जॅकेट सरळ वर आलं, खांद्याचे पट्टे कानाला लागले, हनुवटी आत गेली, खिशाची कड नाकासमोर, आणि दोन्ही हात जॅकेट खाली ओढण्यात अडकले. तरंगत होतो, पण श्वास घ्यायचा तर मान मागे टाकावी लागत होती. मग राधिका रोडच्या एका सीट कव्हरवाल्याकडून दप्तराच्या पट्ट्याचा नायलॉन घेतला, ॲडजस्ट करायची कडी लावली, ऐंशी रुपयात काम झालं. मूळ जॅकेटला एकही टाका घातलेला नाही, मागे आणि पुढे कंबरेच्या पट्ट्यातच लूप ओवलाय, म्हणजे फोमच्या कापडाला भोक नाही. परत उडी मारली. जॅकेट जेमतेम दोन बोटं वर आलं, हनुवटी मोकळी, हात मोकळे, पायऱ्यांपर्यंत आरामात पोचलो. ऐंशी रुपयांनी चोवीसशेची वस्तू कामाची झाली, आणि हे कंपनीला कारखान्यात करायला किती पैसे लागले असते?

दुकानात बघायचं असेल तर जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा आणि सोबतच्याला दोन्ही खांद्यांना धरून वर उचलायला सांगा. हनुवटीच्या वर गेलं तर साइज चुकीची. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

आता घालण्याबद्दल. थंडीत काहीच वाटत नाही, उलट सकाळी धोमला वारं लागत नाही. तेव्हा मी सगळ्यांना सांगत होतो की जॅकेट एक नंबर. एप्रिलमध्ये मत बदललं, अकरा वाजल्यापासून छातीवर घामाची धार, पुढच्या जाड खिशांमुळे रील फिरवताना कोपर अडकतो, जाळीत गळ रुततो तो निराळाच. काढून ठेवावंसं वाटायचं, आणि माझ्या मते इथेच माणसं जातात. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या २०२२ च्या आकडेवारीत बोटिंग करताना बुडून गेलेल्यांपैकी ज्यांच्या जॅकेटची नोंद मिळाली त्यातल्या ८५ टक्के लोकांनी ते घातलेलंच नव्हतं. आपल्याकडे तर जॅकेट होडीत असतं पण बुडाखाली, बसायला मऊ लागतं म्हणून. बसून बसून फोम कायमचा दबतो आणि तेवढी उचल गेली ती गेली. होडी उलटायला लागल्यावर जॅकेट शोधून, घालून, बकलं लावेपर्यंत कोण थांबतंय.

उन्हावर उपाय सापडला. निघताना जॅकेट पूर्ण भिजवायचं, आत नुसता पातळ पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, आणि खिशात पक्कड, शिट्टी आणि दोरी एवढंच, लूरच्या (नकली आमिषाच्या) डब्या होडीत. खिसे रिकामे केल्यावर कोपराचा त्रासही गेला. जून येईपर्यंत मत परत फिरलं, आता अंगावर असल्याचं जाणवत नाही. आणि नियम एकच ठेवलाय, काठावर चप्पल काढायच्या आधी जॅकेट, आणि परत कोरड्या जमिनीवर पाय ठेवल्यावरच बकल सोडायचं. मधे चहाला नाही, फोटोला नाही, लघवीला तर बिलकुल नाही, कारण उभं राहून एका बाजूला वजन टाकलं की लहान होडी तिथेच दगा देते.

आमचे होडीवाले तात्या सुरुवातीला म्हणायचे, "आवो सर, पवायला येतंय न्हवं तुम्हास्नी? मग ह्या उन्हात हे चिलखत कशापायी?" तात्यांचं पोहणं माझ्यापेक्षा दहापट चांगलं आहे. पण डोकं होडीच्या कडेला आपटलं, पायात जाळं गुंतलं, अंगावर भिजलेली जीन्स आणि रेनकोट असला की पोहणं कुठलं येतंय. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव-कळाशीची बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. वळवाचं वारं कण्हेरलाही तसंच येतं, पाणी आरशासारखं असतं आणि पाच-दहा मिनिटांत होडीत लाटा. आणि सांगलीकरांना २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला उलटलेल्या बोटीचं मी काय सांगणार. तात्या आता जॅकेट घालतात, पण बकल लावत नाहीत, त्यावरून आमची दर वेळी वादावादी होते आणि ती मी सोडणार नाही.

हवेने फुगणाऱ्याचं विचाराल तर मित्राने साडेसहा हजाराचं ऑटोमॅटिक घेतलं. बारीक, हलकं, गळ टाकायला एकदम मोकळं, मलाही मोह झाला होता. त्याचं पाणी लागलं की विरघळून गॅसचा सिलिंडर उघडणाऱ्या गोळीवालं होतं, मेढ्याच्या पावसात सॅकमध्ये ओल शिरली आणि गाडीतच फाडकन फुगलं. आता नवीन सिलिंडर आणि गोळी हवी तर कुरिअरवाला गॅसचा सिलिंडर घ्यायला तयार नाही, आणि विक्रेता फोन उचलत नाही. पाण्याच्या दाबावर चालणारं असतं ते असं ओलीने उडत नाही, पण महाग. शिवाय सिलिंडर अधूनमधून वजन करून बघावा लागतो, त्यावर छापलेल्यापेक्षा कमी भरला तर बाद. जे एवढी निगा राखतील त्यांनी घ्यावं, मी फोमवर समाधानी आहे.

न्यूटनचं सोपं आहे, १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलोची उचल. माझं ७० वालं शुद्धीत असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसासाठी ठीक, बेशुद्ध माणसाला उताणं करायचा भरवसा त्याचा नाही. पोहता येत नसेल किंवा रात्रीचं वांब-मरळ मासे धरायला जात असाल तर १०० च्या खाली बघू नका, १५० मिळालं तर उत्तम. धुवायचं साध्या पाण्याने, वाळवायचं सावलीत, टपावर उन्हात टाकलं की कापड आणि शिलाई दोन्ही कुजतात.

सोसायटीच्या पोरांसाठी एकदम सात-आठ घ्यायचा विषय चाललाय. सातारा-सांगलीत कुठे १०० न्यूटनचं, पायातला पट्टा आधीच शिवलेलं आणि सुटं बकल देणारं दुकान असेल तर सांगा, दोन हजारापर्यंत तयारी आहे.