जेरेमी बेंथम यांचे दर्शन : लंडनमध्ये कायद्याच्या अभ्यासकाने चुकवू नये असे एक ठिकाण

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गॉर्डन स्ट्रीटवरील स्टुडंट सेंटरमध्ये एका काचेच्या कपाटात इंग्रज तत्त्वज्ञ आणि कायदेसुधारक जेरेमी बेंथम (१७४८–१८३२) खुर्चीवर बसलेले आहेत. २०२० साली त्यांना येथे आणले गेले आणि ते पाहण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. काळा कोट, रुंद काठाची गवती हॅट आणि हाताशी काठी. कपड्यांच्या आत मात्र त्यांचाच सांगाडा आहे, गवत भरून त्याला अंग दिलेले आहे. खरे डोके सुकवून टिकवण्याचा प्रयोग फसल्यामुळे चेहरा मेणाचा बसवावा लागला, पण तो इतका शांत आणि प्रसन्न आहे की पाहणाऱ्याला भीती वाटत नाही.

हे नुसते कुतूहलाचे प्रदर्शन समजून कोणी पुढे जाऊ नये. त्या काळी इंग्लंडमध्ये शवविच्छेदनासाठी कायद्याने मिळत ती फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेते, त्यामुळे कबरी उकरून प्रेते विकण्याचा धंदा फोफावला होता. कृतीचे मोल तिच्यातून किती जणांना किती सुख मिळते यावर ठरते, असे आयुष्यभर मांडणाऱ्या बेंथम यांनी आपला देह मृत्युपत्राने मित्राच्या, डॉक्टर साउथवुड स्मिथ यांच्या, स्वाधीन केला आणि त्यांनी जून १८३२ मध्ये निमंत्रितांसमोर त्याचे विच्छेदन केले. देहदानाचा अर्ज भरलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या कपाटासमोरून पटकन हलता आले नाही.

विचार काचेतून दिसत नाही, म्हणून जाण्यापूर्वी थोडे वाचून जावे. कायदा न्यायाधीशांच्या निकालांत विखुरलेला नसावा, तो सामान्य माणसाला वाचता येईल अशा संहितेत असावा, हा बेंथम यांचा आग्रह होता. ब्रिटिश भारतातील मेकॉले यांच्या विधी आयोगाने १८३७ साली सादर केलेल्या मसुद्यावर, म्हणजे पुढे १८६० साली संमत झालेल्या आणि जुलै २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता येईपर्यंत लागू असलेल्या आपल्या भारतीय दंडसंहितेच्या पायावर, त्याची स्पष्ट छाप आहे. त्या दंडसंहितेतील चोरीच्या ३७८व्या कलमाखालचे पहिलेच उदाहरण आठवावे : दुसऱ्याच्या जमिनीवरचे झाड लबाडीने नेण्यासाठी तोडले, की ते जमिनीपासून सुटताच चोरी पूर्ण होते. कलमाशेजारी असे रोजच्या जगण्यातले उदाहरण ठेवणे मला फार मोलाचे वाटते.

यूस्टन स्क्वेअर स्थानकापासून चालत जाता येते. इमारत विद्यार्थ्यांच्या वापराची असल्यामुळे भेटीची वेळ आधी पाहून घ्यावी आणि हाताशी निदान तासभर ठेवावा.