जोत्यातली भर: खोदलेली काळी माती की मुरूम?
नागपुरात बऱ्याच प्लॉटांवर पाया खणला की काळी माती निघते. फुकटची म्हणून तीच जोत्यात, म्हणजे पायाच्या भिंतींमधल्या फरशीखालच्या जागेत, ढकलायचा मोह होतो. पण ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मग फरशी उचलते किंवा खचते. ती बागेत टाका, जोत्यात मुरूमच. तोही एकदम ओतू नये: 15 ते 20 सेंमीचा थर, पाणी, धुम्मसने ठोकून दाबणं, मग पुढचा.

कागदांचं गणित मात्र उलटं. मुरूम गौण खनिज, त्यामुळे गाडीसोबत वाहतूक पास हवाच. 2000 पासून भरावाची साधी मातीही त्याच यादीत आहे. पण खोदलेली माती त्याच प्लॉटवर वापरली तर स्वामित्वधन (सरकारला द्यायची रॉयल्टी) सरसकट लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये म्हटलं. बाहेर नेली की प्रश्न वेगळा.