आईबाबांना अमेरिकेला पाठवताना ७७७ की ७८७? केबिनच्या हवेचा हिशोब

समजा दोन तिकिटं समोर आहेत, एक बोइंग ७७७ विमानाचं डायरेक्ट, दुसरं बोइंगच्याच ७८७ चं पण मधे एक स्टॉप, आणि घरात सगळी चर्चा लेगस्पेस आणि बॅगांच्या वजनावर. पंधरा-सोळा तास ज्या हवेत बसायचंय तिचं कुणी नाव काढत नाही.

विमानात हवा जमिनीसारखी नसते. आतल्या हवेचा दाब जितक्या उंचीवरच्या हवेइतका असतो तिला केबिनची उंची म्हणतात, आणि नियम असा की नेहमीच्या उड्डाणात ती ८००० फुटांच्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणजे उटीपेक्षाही थोडं वर. ७७७ या मर्यादेवर बनवलंय. ७८७ मधे तीच मर्यादा ६०००, आपल्या कळसूबाईच्या जरा वर. पण ७७७ मधे सतत ८००० असतं असं नाही हां, विमान जितकं वर तितकी केबिनची उंची वाढते, ३५ हजारांवर उडत असेल तर दोघांतला फरक बराच कमी.

दाबाचा कंट्रोल दोन्हीकडे सारखाच, हवा आत येतच राहते आणि बाहेर किती सोडायची ते कंट्रोलर आउटफ्लो व्हॉल्व्ह कमीजास्त उघडून ठरवतो. फरक हवा आणतात कुठून यात. ७७७ इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून काढतं, म्हणजे ब्लीड एअर, आणि ७८७ मधे त्यासाठी वेगळे इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर. मग लोक म्हणतात ब्लीड नाही म्हणून ७८७ आरामदायी, पण एअरबसच्या ए३५० ला ब्लीडच आहे की, तरी तिथेही ६०००! खरी गोष्ट बॉडीची. आतला दाब जास्त ठेवला की प्रत्येक फेरीला बॉडीवर ताण जास्त, आणि अ‍ॅल्युमिनियमला अशा ताणाने हळूहळू तडे जातात (१९५४ मधे कॉमेट विमानं त्यानेच हवेत फुटली). ७७७ ची बॉडी मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमची, ७८७ आणि ए३५० ची कार्बन कॉम्पोझिटची, म्हणजे कार्बनचे धागे आणि रेझिन यांच्या मिश्रणाची. ते हा ताण जास्त सोसतं, गंजतही नाही, म्हणून ओलावाही थोडा जास्त ठेवता येतो, घसा कमी सुकतो.

आता हे जाणवतं का? २००७ मधे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे एक अभ्यास आला, बोइंगची माणसं त्यात होती हे धरून चाला, ५०२ लोकांना हवेचा दाब कमी करता येणाऱ्या चेंबरमधे बसवलं तर ८००० फुटांना रक्तातला ऑक्सिजन सरासरी ४.४ टक्के पॉइंट उतरला आणि ७-८ हजारांवर अस्वस्थपणा वाढला, पण तो दिसला ३ ते ९ तासांनंतर. त्यामुळे मुंबई-दिल्लीला हा विचार करूच नका.

कानांचं गणित वेगळंय. कान दुखतात ते उतरताना केबिनचा दाब वाढतो तेव्हा, आणि स्टॉप म्हणजे दोनदा उतरणं. सर्दी-सायनसवाल्याला मी डोळे झाकून डायरेक्ट ७७७ सांगेन, गुडघे दुखणाऱ्यालाही, कारण ट्रान्झिटमधली पायपीट ६००० फुटांचा सगळा फायदा खाऊन टाकते. ज्यांना डोंगरावर डोकं धरतं, थोडं चाललं की दम लागतो, त्यांच्यासाठी ७८७ किंवा ए३५०. फुप्फुसाचा किंवा हार्टचा जुना त्रास असेल तर विमान निवडण्याआधी डॉक्टर, प्रवासात ऑक्सिजन लागेल का ते तेच सांगतील.

बुक करताना कोड बघा, ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर, ७८८ किंवा ७८९ म्हणजे ७८७, ३५९ म्हणजे ए३५०-९००. आणि कंपनी ऐनवेळी विमान बदलू शकते, त्यामुळे केवळ यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे असतील तर दोनदा विचार करा.